माळावर जाण्याची ऐपत

आधी उंदीर पडत. आढ्यावरून, माळवदाच्या फटींतून, कणगीच्या मागून ते भरदिवसा उजेडात येत, झिंगल्यासारखे चालत आणि अंगणात उलटे होऊन मरत. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द कानावर आले, की सातारा-सांगलीकडच्या बायका तांब्यापितळेची भांडी गाठोड्यात बांधायला घेत. मग आठ-पंधरा दिवसांत आळीत कोणाला तरी थंडी वाजून ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि बहुतेक वेळा आठवडा संपायच्या आत माणूस जाई. वर्तमानपत्रे या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. लोक ‘गाठीचा ताप’ म्हणत. पुढे इंग्रजी शब्दच घराघरांत रुळला: प्लेग.

उंदीर पडले की घर सोडायचे, माळावर किंवा शेतात खोपी घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत परत फिरायचे नाही, हे शहाणपण लोकांना शास्त्रज्ञांच्या आधी आले होते. उपाय खरा होता. मात्र तो करायला चार गोष्टी हाताशी लागत: सामान न्यायला गाडी, खोप घालायला जागा, जवळ पाणी आणि महिना-दोन महिने पुरेल एवढे धान्य. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कृष्णाकाठच्या गावांत आणि पेठांत कोण जगले नि कोण मेले, हे पुष्कळदा या चार गोष्टींनी ठरवले.

साथीची सुरुवात मुंबईची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातल्या रोग्यांना झालेला हा ताप प्लेगचा आहे, असे डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखले. मांडवी ही बंदरालगतची धान्याच्या वखारींची वस्ती. जहाजांतून आलेल्या उंदरांना तिथे पोत्यापोत्यांतून घर मिळाले. हिवाळा संपेपर्यंत आठ लाखांच्या मुंबईतून निम्म्याच्या आसपास माणसे बाहेर पडली होती. गिरण्यांची, गोदीची, हमालीची कामे करणाऱ्यांत रत्नागिरी आणि सातारा या दोन जिल्ह्यांची माणसे फार मोठ्या संख्येने होती. रत्नागिरीकर बोटीने गेले. सातारकर आगगाडीने आले.

पुण्याहून मिरजेकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा लोहमार्ग तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड अशी स्टेशने घेत गाडी मिरजेला पोहोचे. या वाटेवर राज्य एकाचे नव्हते. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने होती. आटपाडी आणि कुंडल औंधकडे. एका गावाचा ओढा ओलांडला की दुसऱ्याची हद्द लागे. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई, ताप असलेला माणूस बाजूला काढला जाई. पण पिसवा लपलेली वळकटी किंवा धान्याचे पोते कोण तपासणार? १८९७ च्या पावसाळ्यानंतर जी दुसरी लाट उठली, तिने पुण्याबरोबर सातारा, सोलापूर, बेळगाव आणि कोल्हापूरही गाठले.

मुंबई आणि घाटावरचा प्रदेश यांत एक मोठा फरक होता. मुंबईत प्लेगचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत असे. घाटावर तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात चढे आणि दिवाळीपर्यंत राही, कारण इकडच्या कडक, कोरड्या उन्हाळ्यात पिसवा टिकत नाहीत. याचा अर्थ असा, की गाव सोडून माळावर जायची वेळ यायची ती भाद्रपदात, आश्विनात. चिखल असे, गवत कमरेएवढे वाढलेले असे, आणि गरिबाच्या घरातले गेल्या हंगामाचे धान्य तेव्हाच संपलेले असे.

साताऱ्याचा आणि प्लेगच्या राजकीय इतिहासाचा संबंध साथीच्याही आधीपासूनचा आहे. पुण्याचा प्लेग अधिकारी वॉल्टर रँड हा त्यापूर्वी साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता. १८९४ मध्ये वाईत वाद्ये वाजवण्याच्या प्रकरणात गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना त्याने तुरुंगात धाडले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि १३ मार्चपासून रँडचे गोरे सैनिक पुण्याच्या घराघरांत शिरू लागले. देवघरे, माजघरे धुंडाळली गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ही कहाणी मराठी वाचकाला पाठ आहे.

तिच्यापेक्षा कमी सांगितली जाणारी गोष्ट त्याच मार्चमधली, तीन दिवस आधीची. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला असे सांगतात. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.  प्लेगच्या काळातल्या वंचिताची सगळी स्थिती त्या एका पाठीवरच्या ओझ्यात सामावली आहे.

रोग पसरतो कसा, याबद्दल तेव्हा सरकारही चाचपडत होते. घाण, दमट हवा, माणसाचा माणसाला स्पर्श, अशी कारणे धरून भिंतींना चुना मारला जाई, जमिनीवर जंतुनाशके ओतली जात, कौले काढून घरात ऊन सोडले जाई. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत उंदरावरच्या पिसवेचा संशय बोलून दाखवला, तेव्हा फारसे कोणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने प्रयोग करून तो खरा ठरवला. घरात राहणारा काळा उंदीर मरतो, त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी होतात आणि माणसावर उड्या घेतात. उंदीर पडल्यावर घर सोडणाऱ्या बायका बरोबरच होत्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्लेगचा उंदीर गरिबाच्याच घरी जातो असे नाही. तो धान्याच्या मागे जातो. मांडवीत पहिल्या तडाख्यात दाणेवाल्या व्यापाऱ्यांची घरेही सापडली. सांगलीची पेठ धान्याची आणि गुळाची, कराडची बाजारपेठ आसपासच्या तालुक्यांची. तिथल्या वखारींवर उंदरांचा पहिला हक्क होता. वाड्यात आणि खोपटात रोगाचा प्रवेश थोड्याफार फरकाने सारखाच झाला. बाहेर पडण्याचा दरवाजा मात्र सारखा नव्हता. ज्याचा गावाबाहेर मळा होता, विहीर होती, बैलजोडी होती, तो पहिला उंदीर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मळ्यात राहायला गेला. साताऱ्याच्या पेठेतला वकील नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी गेला. रोजंदारीवरचा माणूस घर सोडायचे तर रोजगारही सोडणार होता, म्हणून तो आज-उद्या करत राहिला. पाथरवट, कोष्टी, हमाल, भंगी यांना पेठ सोडून पोट नव्हते. विणकराने माग उचलून माळावर न्यायचा कसा?

टोचणीचेही तसेच झाले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी धारवाड-हुबळीकडे हजारोंना ती दिली गेली आणि तिचा उपयोग दिसला. पण त्या जुन्या लशीने एक-दोन दिवस सणकून ताप येई, हात सुजे. पगारी नोकराला ते चालून जाई. ज्याची रोजची मजुरी रोज संध्याकाळच्या भाकरीत जाते, त्याला दोन दिवस अंथरुणावर पडणे परवडत नव्हते. त्यात सुईबद्दलच्या अफवा. गरिबांनी टोचून घेतले नाही याचा दोष सरकारी कागदांत त्यांच्या अडाणीपणावर टाकलेला दिसतो. बुडालेल्या मजुरीचा हिशेब फार कमी वेळा मांडला जातो.

याच काळात या प्रदेशाच्या पूर्व भागात दुष्काळ ठाण मांडून होता. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा. १८९६-९७ चा दुष्काळ आणि लगेच १८९९-१९०० चा, ज्यात सबंध दख्खन होरपळला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला आणि तलावांची माती उपसायला हजारो माणसे एकत्र आली, पाल ठोकून राहिली, एका डबक्याचे पाणी प्याली. पटकी अशा ठिकाणी चटकन पेटते. पटकीसाठी गावोगावी मरीआईचा गाडा होताच. तो वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाला जाईल. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकली. प्लेगच्या वर्षांत हेच गाडे पुन्हा बाहेर निघाले.

या तलावाच्या कामांपैकी एक खटाव तालुक्यातल्या गोरेगावला होते. तिथे रोखपाल म्हणून नेमलेले गृहस्थ म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ, आणि त्यांचा साताऱ्यात राहणारा धाकटा मुलगा म्हणजे भीमराव, पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आई भीमाबाई साताऱ्यातच वारली होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्याला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. शिपाई नसला तर पाणी नाही.

१९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा अशी मुले वडिलांकडे जायला निघाली. आगगाडीने मसूरला उतरली. अंगावर नवे कपडे, खिशात पैसे. वडिलांना पत्र वेळेवर पोहोचले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत असे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकायचे नि गाडीवानाने पायी चालायचे, अशा बोलीवर गाडी मिळाली. बरोबर जेवण भरपूर होते. प्यायला पाणी नव्हते. रात्रभर वाटेत कोणी पाणी दिले नाही, आणि मुले भरल्या डब्याशेजारी उपाशी राहिली. आंबेडकरांनी पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

या प्रवासाची आठवण अस्पृश्यतेच्या इतिहासात सांगितली जाते. ती साथीच्या इतिहासातही सांगायला हवी. मसूर, कोरेगाव, कराड याच पट्ट्यात त्या वर्षांत प्लेग फिरत होता. गाव सोडायला गाडी लागे; दुप्पट पैसे मोजायची तयारी असूनही या मुलांना ती सहजी मिळाली नाही. माळावर पाणी लागे. ज्या विहिरीवर गावाची खोपटी उठत, तिच्यावर महार-मांगांना चढता येत नव्हते. जागा लागे, आणि जमीन दुसऱ्याची होती. शिवाय वर्दी नेणे, कोणी मेल्याचा सांगावा पंचक्रोशीत पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे ही महारकीची कामे बलुत्याच्या भाकरीशी बांधलेली होती. गाव उठले तरी ती कामे करणाऱ्यांना उठता येत नव्हते. पूर्वी पलटणीत भरती होणे हा त्यातून सुटण्याचा एक रस्ता होता, ज्याने रामजींचे घर वर आले; पण १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद करून तोही अडवला.

१८९१ च्या खानेसुमारीत सातारा जिल्ह्याची वस्ती सव्वाबारा लाखांच्या घरात होती. १९०१ मध्ये ती साडेअकरा लाखांच्या आत आली. दहा वर्षांत माणसे वाढायच्या ऐवजी पाऊण लाखांहून अधिक घटली. काही मुंबईला गेली, काही दुष्काळाने गेली, काही प्लेगने. आणि या तिन्ही वाटा एकाच घरातून फुटत होत्या. दुष्काळात जमीन गहाण पडली म्हणून थोरला गिरणीत गेला. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सात-आठ जणांत राहिला. तिथे प्लेग आला की गावाकडे पळाला. गावात प्लेग आला की पुन्हा गिरणीत. १९०४ मध्ये रामजींचे कुटुंबही साताऱ्याहून मुंबईला गेले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले.

प्लेग मग पाहुण्यासारखा न राहता घरचाच झाला. १९०७ मध्ये हिंदुस्थानात त्याने तेरा लाखांच्या आसपास माणसे नेली. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांतून बातमी मागे पडली, तरी कराड, तासगाव, मिरज या गावांत दर एक-दोन वर्षांनी उंदीर पडतच होते. मिरजेत अमेरिकन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले होते आणि दूरदूरचे गरीब रोगी आगगाडीने तिथे येत. एवढ्या मोठ्या मुलखात अशी जागा जवळजवळ एकटीच होती.

कराडचेच एक घर पाहू. देवराष्ट्रे हे खानापूरच्या बाजूचे गाव. तिथल्या आजोळी १९१३ मध्ये यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. वडील बळवंतराव कराडला कोर्टात बेलीफ होते. पगार तुटपुंजा, पण सरकारी. यशवंतराव जेमतेम चार-पाच वर्षांचे असताना बळवंतराव प्लेगने गेले. मागे विठाई आणि लहान मुले. बेलिफाच्या कुटुंबाची ही गत झाली, तर ज्यांना महिन्याचा पगारच नव्हता त्यांच्या घरी काय झाले असेल? चव्हाणांची आई खंबीर होती, आजोळचा आधार होता, म्हणून मुले शिकली, आणि एक जण पुढे महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. त्याच साथीत पोरकी झालेली बाकीची मुले इतिहासात नावानिशी सापडत नाहीत.

आणि मग १९१८ उजाडले. जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झाचा ताप आला. पहिली लाट तीन-चार दिवसांचा ताप देऊन गेली. त्यानंतर पाऊस रुसला. खरीप बुडाला, महायुद्धामुळे आधीच चढलेले ज्वारीचे भाव आणखी भडकले. सप्टेंबरात ताप परतला तो छातीत न्यूमोनिया घेऊन. आमच्या मुलखात त्याला ‘मानमोडी’ म्हणत. मानेवर घाव बसावा तशी माणसे कोसळत, म्हणून हे नाव. 

प्लेगच्या वेळी निदान पळता येत होते. मानमोडी श्वासातून पसरे, तिच्यापुढे माळ आणि वाडा सारखेच. तरीही मरणाचे प्रमाण सारखे राहिले नाही. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावली. महापालिकेने त्या साथीतले मृत्यू जातिधर्माप्रमाणे मोजले, ते आकडे आजही अंगावर येतात. युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना नोंदीत ‘खालच्या जातीचे’ म्हटले आहे त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणू एकच, शहर एकच, महिना एकच. पारशाच्या घरात वेगळी खोली होती, दूध होते, उशाशी बसणारे माणूस होते. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, झाडूवाल्यांच्या चाळीतल्या माणसाला अंगात ताप असताना कामावर जावे लागले, आणि पडल्यावर पाणी द्यायला शेजारी उठू शकत नव्हता, कारण तोही पडलेला होता. मुंबईच्या कामगारांत घाटावरची माणसे किती होती हे पाहिले, की या ६१.६ मध्ये सातारा-सांगलीच्या अनेक घरांची माणसे होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

हिंदुस्थानात या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या, ही दुसरी ठळक गोष्ट. ऐन वयाच्या, विशीपासून चाळिशीपर्यंतच्या. घरातल्या प्रत्येकाची उस्तवार त्यांनी केली, आणि दुष्काळाच्या वर्षी सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले त्यांच्या वाट्याला आले. आधीच खंगलेल्या शरीरावर ताप चढला. मुंबई इलाख्यात त्या काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसे गेली. शाळू पेरायला माणसे नव्हती.

मार्च १९२१ मध्ये गणतीदार पुन्हा घरोघर फिरले. सातारा जिल्ह्याची वस्ती आता दहा लाख सव्वीस हजारांच्या आसपास भरली. सलग तिसऱ्या खानेसुमारीत ती घटली होती. त्याच सुमारास मिरजेजवळ वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहत होते. मसूर, कराड, मिरजेच्या फलाटांवर मुंबईहून येणाऱ्या गाड्यांतून आता खोकणारे गिरणी कामगार उतरू लागले होते.